कार्ड दाखव, दुखणं दाखवू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

बाळा,

काल तू गेलास आणि चहाचे कप तसेच टेबलावर राहिले. मला उठावंसंच वाटेना. दोन तास आपण परीक्षेच्या फॉर्मवर बोलत बसलो आणि खरी गोष्ट तू दारात चप्पल घालताना सांगितलीस. अशी गोष्ट आधी सांगायची असते रे.

गारगोटीच्या एसटी गाडीत कुणीतरी म्हणालं, "आंधळं म्हणं, आणि मोबाईल बघतंय बघ." मागच्या सीटवरून दुसरा बोलला, "सरकार पोसतंय ह्यास्नी. आपण मरायचं राबून." तेव्हापासून तू काळा गॉगल लावतोस. मोबाईल सॅकमध्ये तळाला टाकतोस आणि उतरेपर्यंत मानसुद्धा हलवत नाहीस. ज्याला थोडं दिसतं त्यानं काहीच दिसत नसल्याचं सोंग घ्यायचं, आणि ते कशासाठी, तर लोकांनी सोंगाड्या म्हणू नये म्हणून!

त्या दोघांचा मला राग आला. पण त्याहून जास्त तुझ्या त्या गॉगलचा आला. फोनवर बोलले असते तर मी चिडले असते आणि तू गप्प बसला असतास, म्हणून लिहिते आहे.

मला एकच सांगायचंय आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कार्ड दाखव, दुखणं दाखवू नकोस. कंडक्टरनं विचारलं, कार्ड पुढं कर. परीक्षेच्या केंद्रावर विचारलं, कार्ड पुढं कर. तुला किती दिसतं आणि कुठपर्यंत दिसतं, हे शेजारच्या सीटवरच्या माणसाला पटवून द्यायचं काम तुझं नाही. ते काम एकदा झालेलं आहे. डॉक्टरांनी यंत्रापुढं हनुवटी टेकवून तुझ्या नजरेचा घेर मोजला, टक्केवारी लिहिली, सही-शिक्का झाला, आणि ते पिवळ्या पट्टीचं यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तुझ्या हातात आलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हे तुझ्या डोळ्यांच्या आजाराचं नाव त्या माणसाला उच्चारताही येणार नाही. तुला समोरच्याचं नाक दिसतं, पण त्याच्या कोपराशी ठेवलेला तांब्या दिसत नाही. दुपारी मोबाईलवरचं बारीक अक्षर वाचतोस आणि संध्याकाळी सात वाजता स्टँडवरची पायरी चुकतोस. नडगीवरचे ते जुने-नवे वण काल मी बघितलेत. पण ते वण गाडीत पँट वर करून दाखवायचे नाहीत. गॉगल लावणं म्हणजे तेच झालं. त्या माणसाच्या डोक्यात आंधळा जसा असतो, तसा तू झालास आणि त्याला पटवून दिलंस. उद्या तो म्हणेल, चेहऱ्यावर हसू कसं? मग हसणंही बंद करणार आहेस का?

आता त्या गाडीचाच हिशेब मांडू या. तुला तिकिटात 75 टक्के सवलत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा प्रवास 2022 पासून फुकट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. दुपारच्या गारगोटी गाडीत पूर्ण पैसे मोजणारे किती निघतील, मोजून बघ एकदा. आणि 'सरकार पोसतंय' म्हणणारा शेतकरी असेल, तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या त्याच्या मोटारीचं बिल 2024 पासून सरकारच भरतंय. पीएम किसानचे वर्षाला 6000 येतात. घरातल्या बाईच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 येतात. येऊ देत, त्यातला एक रुपया कुणाचा कमी व्हावा असं मला वाटत नाही आणि तुलाही वाटू नये. पण त्याला कुणी गाडीत उठवून म्हणत नाही, 'शेतकरी म्हणतोस, मग बूट कसले घातलेस?'

तुझ्यावरच का येतं, याचा मी फार विचार केलाय. म्हातारपण बघून कळतं. तुझं बघून कळत नाही, आणि बघून कळत नाही ते खोटं, हे आपल्या लोकांच्या मनात पक्कं बसलंय. शिवाय तू इस्त्रीचा शर्ट घालतोस. देवळाच्या पायरीवर हात पसरून बसलेल्याला हीच माणसं दहा रुपये टाकतात. तोच खिडकीपाशी बसून क्रिकेटचा स्कोअर बघायला लागला की ते दहा रुपये त्यांना आठवतात.

निराधारच्या पैशांबद्दल तर बोलूच नये असं लोक बोलतात. तुझ्या घरी ते येत नाहीत, पण गाडीतल्या माणसाला सगळे सारखेच. मी ज्या टेबलावर नोकरी केली तिथं संजय गांधी निराधार योजनेचेच अर्ज यायचे. माझ्या वेळी महिन्याला 600 रुपये मिळत. 2019 मध्ये हजार झाले, 2023 मध्ये दीड हजार, आणि 2025 मध्ये कुठं दिव्यांगांना अडीच हजार करायचं ठरलं. दिव्यांगाच्या घरचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं, म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नकोत. त्यात टक्केवारी किमान 40 हवी. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल, तर नियमानं 30 टक्केच धरतात. एक डोळा कायमचा गेलेली माणसं माझ्या टेबलासमोरून रिकाम्या हातानं गेली आहेत. आणि लोक म्हणतात, दाखला काय, कुणीही काढतंय.

आता जे लिहिणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

2011 साल असेल. राधानगरीच्या बाजूचा एक माणूस आला होता, पन्नाशीचा, डोक्याला पांढरी टोपी, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. ऐकू येत नसल्याचा दाखला होता. मी विचारत गेले, तो उत्तरं देत गेला. नाव, गाव, जमीन किती, सगळं. माझ्या ओठांकडं एकटक बघत होता, हे मला दिसत होतं. तरी डोक्यात किडा वळवळला. ऐकू येत नाही तर उत्तरं कशी देतो? तो उठून दाराकडं निघाला तेव्हा मी मागून मोठ्यानं म्हटलं, "अहो, पैसे पडले तुमचे!" मुलगी थबकली. तिच्या हातात त्याचा हात होता, तो ताणला गेला आणि तो वळला.

मी कागदावर फेरतपासणीचा शेरा मारला. पुन्हा मोठ्या दवाखान्यात जायचं, पुन्हा रांग, पुन्हा दोघांचं गाडीभाडं, पुन्हा एका दिवसाचा रोजगार बुडवायचा. तो परत आला नाही.

तो हाताच्या ओढीनं वळला हे मला तेव्हाच कळलं होतं, बाळा. पोरीचा ताणलेला हात मी डोळ्यांनी बघितला होता. पोरगी माझ्याकडं बघत होती, तेही बघितलं. तरी शेरा मारला. त्या महिन्यात वरून पत्र आलं होतं, बोगस लाभार्थी शोधा म्हणून. टेबलावर गठ्ठे साचले होते. माझ्या जागी कोणीही असतं तर हेच केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण दाखला त्यानं दिला होता. कागद माझ्या हातात होता. तरी मला त्याचं बहिरेपण माझ्या डोळ्यांसमोर घडताना बघायचं होतं.

आणि हे करणारी मी कोण? दीड वर्षाची असताना पोलिओनं डावा पाय गेलेली, कंबरेपासून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, लावून चालणारी बाई. आमचं टेबल पहिल्या मजल्यावर होतं. एकवीस पायऱ्या मी रोज चढायचे आणि धापा टाकत आलेल्या माणसाला म्हणायचे, "मी चढतेय की, तुम्हाला काय झालं?" मी खुल्या जागेवर नोकरीला लागले, अपंगांच्या जागेवर नाही, हे मी चौतीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल! अपंग कर्मचाऱ्यांचा वाहतूक भत्ता घेतला नाही. एसटीचा पास काढला नाही. याच गावात 1984 साली नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड ही संस्था उभी केली. मला दोनदा बोलावणं आलं, मी गेले नाही. त्या रांगेत आपली गणती नको, असं वाटायचं.

मला तो स्वाभिमान वाटायचा, आणि थोडा होताही. माझ्या आईनं मला कुणापुढं हात पसरू नकोस हेच शिकवलं होतं, आणि मी घर चालवलं, भावाला शिकवलं, कुणाची मिंधी राहिले नाही. हे मी खोडून टाकणार नाही, तूही खोडू नकोस. पण त्या स्वाभिमानाचं पुढं काय झालं ते ऐक. ऑफिसातले लोक अर्ज घेऊन आलेल्यांना माझ्याकडं बोट करून सांगायचे, "त्या मॅडम बघा, काही घेत नाहीत. आणि तुम्ही?" माझा पाय दुसऱ्यांना मारायची काठी झाला, आणि मी मान ताठ करून ते ऐकत बसायचे. आज चांगल्या पायाचा गुडघा संपलाय. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं दोन पायांचं ओझं एकानं ओढलं.

म्हणून काल तू म्हणालास, "मावशी, कार्ड परत करून टाकू का? फॉर्ममध्ये दिव्यांगचा रकाना भरतच नाही," तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अगदी माझंच वाक्य, मी तुझ्या वयाची असतानाचं. नाही भरलास तर गाडीतला तो माणूस तुला शाबासकी द्यायला येणार नाही. तो पुढच्या पोराला तेच म्हणेल, वर तुझं उदाहरण देईल.

रकाना भर. नोकरीत 4 टक्के जागा आहेत, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. पेपरला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, ती माग. ती वीस मिनिटं तुझी नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना हरवते, तिथं जातात. आपण शाहूंच्या गावचे आहोत. मागासांसाठी निम्म्या जागा राखणारा त्यांचा 26 जुलै 1902 चा निर्णय तुला शाळेपासून पाठ आहे, आणि दांडगे घोडे अशक्तांची चंदी खातात म्हणून अशक्तांना वेगळी चंदी घालायची, ती गोष्टही मी पुन्हा सांगत नाही. फक्त एवढं बघ, त्या गोष्टीत अशक्त घोड्याला कुणी 'आधी लंगडून दाखव, मग चंदी' असं म्हटलेलं नाही.

खोटे आहेत की नाहीत? आहेत. आपण ते नाकारायचं नाही. जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, दिव्यांग प्रमाणपत्रावर प्रश्न उभे राहिले, आणि नंतर कितीतरी दिवस काठीवाला दिसला की लोक एकमेकांना खुणा करत होते. खोट्याचा राग सगळ्यात आधी आपल्याला यायला हवा, कारण ती जागा आपलीच जाते. त्यांना शोधायला डॉक्टर आहेत, मंडळ आहे, खातं आहे. कडक तपासणी करू देत. बोलावलं तर तू दहा वेळा यंत्रापुढं बस. पण गाडीत नाही. सीटवर बसलेल्या कुणालाही तपासायचा अधिकार नाही, आणि मलाही नव्हता. मी टेबलामागं बसले होते म्हणून मला तो आहे असं वाटलं.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात कलम 92 आहे, ते माहीत असू दे. चारचौघांत दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान केला तर 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत शिक्षा. ऊठसूट धमकी द्यायला नको, पण कुणी अंगावर आला तर खाली मान घालून उतरायचंही नाही. साध्या बोलण्याला साधं उत्तर दे. "काका, मला थोडं दिसतं. कार्ड कंडक्टरनं बघितलंय." एवढंच. किती टक्के, कधीपासून, औषध काय, आईवडिलांत कुणाला होतं, यातलं एकही अक्षर सांगायचं नाही. तुझा स्वभाव मऊ आहे, तू सांगत बसशील. बसू नकोस. कार्ड दाखवायचं, आणि मोबाईल काढून पुढचा स्कोअर बघायचा.

काठी मात्र उघडून हातात ठेव. ती सोंगासाठी नाही, स्टँडवरच्या त्या पायरीसाठी आहे.

रविवारी ये. गॉगल घरी ठेवून ये. मी माझाही यूडीआयडीचा अर्ज भरायला घेतलाय, सहासष्टाव्या वर्षी. सवलतीसाठीच काढते आहे, दुसरं कुठलंही कारण मी कुणाला सांगणार नाही. फोटो अपलोड होत नाहीये, साइझ मोठी आहे म्हणतंय. भाच्यानं दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. तुझ्या मोबाईलवरून काढून बघू या. जुना दाखला शोधून ठेवलाय, घडीवर फाटलाय, पण शिक्का दिसतो.

तुझी,
मावशी