लग्नाच्या व्हिडिओंसाठी ३ लाखांचं कर्ज: आधी टाइमलाइन कशामुळे अडकते ते तपासा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला सिडकोत राहतो, लग्नाचे व्हिडिओ करतो. वर्षाला साधारण २२ ऑर्डरी, जमा ९.२० लाख, सहायक, अल्बम, पेट्रोल वजा जाता ५.३० लाख उरतात. घरखर्च महिना ३२,०००, कॅमेऱ्याचा हप्ता ६,४००, तो येत्या मार्चमध्ये संपतो. शिल्लक १.६० लाख. संगणकात आय-सेव्हन १२७००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. फुटेज ४ टीबीच्या दोन यूएसबी हार्ड डिस्कवर, बाकी कॉपी नाही. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडून चालवून पाहायची पट्टी) सारखी अडकते. एडिटिंग तुंबल्यामुळे मागच्या सीझनला ३ ऑर्डरी सोडाव्या लागल्या. दुकानदाराचं कोटेशन ३.४० लाखांचं: आय-नाइन १४९००केएफ, आरटीएक्स ४०७० सुपर, ६४ जीबी. ४०,००० भरून ३ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घ्यावं का? दुकानदार म्हणतो, जीएसटी परत मिळेल आणि करही वाचेल. २०२७चा सिंहस्थही येतो आहे.

आत्ता हे कर्ज घेऊ नका. हप्ता जड आहे हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे या कोटेशनातला संगणक तुमच्या फुटेजवर तिथेच अडखळेल, जिथे आजचा अडखळतो.

तुमचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ खूप दाबून साठवायची पद्धत), १० बिट, ४:२:२ (रंगाचा तपशील ४:२:० पेक्षा जास्त) रेकॉर्ड करतो असं तुम्ही लिहिलंय. हे फुटेज उलगडण्यासाठी (डीकोड करण्यासाठी) लागणारी सोय आरटीएक्स ३०६०मध्ये नाही आणि ४०७० सुपरमध्येही नाही; एनव्हिडियाने ती ५० मालिकेपासून दिली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ही सोय ११व्या पिढीपासून आहे, पण नावामागे ‘एफ’ किंवा ‘केएफ’ लागलं की ते ग्राफिक्स बंद असतं. तुमच्याकडे ‘एफ’ आहे, कोटेशनात ‘केएफ’ आहे. म्हणजे दोन्हीकडे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. आय-नाइन दणकट असल्यामुळे थोडा फरक पडेल, पण ३.४० लाखांचा नक्कीच नाही.

तेव्हा खर्चाआधी अर्धा तास काढून तीन गोष्टी तपासा. टास्क मॅनेजर उघडा ठेवून दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन चालवा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली तर दोष साठवणीचा. प्रोसेसर १०० टक्के आणि ग्राफिक्समधला ‘व्हिडिओ डीकोड’ शून्याजवळ असेल तर दोष वर सांगितलेला. रॅम १५ जीबीच्या पुढे गेली असेल तर तीही कमी पडतेय. मग त्याच क्लिप आतल्या एसएसडीवर कॉपी करून पुन्हा चालवा. शेवटी त्याच क्लिपच्या ७२० पिक्सेलच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) करून चालवा. प्रॉक्सीवर सगळं सुरळीत चाललं आणि फक्त नॉइज रिडक्शन किंवा जड कलर असलेल्या जागी अडकलं, तरच ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार करायचा.

माझा संशय आधी डिस्कवर आहे. सेकंदाला १५० मेगाबिटच्या दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र चालायला सेकंदाला सुमारे ३७ एमबी लागतात. तुमचा हब किंवा केबल यूएसबी २.०ची असेल तर प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबीच मिळतात, म्हणजे काठावरच. हार्ड डिस्क थेट मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावून पाहा, याला एक रुपयाही लागत नाही. तिथेही फिरत्या तबकडीची अडचण राहतेच. एकच फाइल सलग वाचताना ती १५० एमबी देईल, पण दोन क्लिप, मीडिया कॅश (प्रीमियरच्या तात्पुरत्या फाइली) आणि आवाजाच्या फाइली एकाच वेळी मागितल्या की तिचं वाचणारं हेड इकडून तिकडे पळत राहतं आणि वेग कोसळतो.

दुसरा फुकटचा उपाय कॅमेऱ्यात आहे. मेनूत एच.२६५ १० बिट ४:२:० निवडता येत असेल तर एका साखरपुड्याला तसं शूट करून पाहा. हे फुटेज आरटीएक्स ३०६० हार्डवेअरवर सहज उलगडतं. ग्रीन स्क्रीनचं काम नसेल तर लग्नाच्या व्हिडिओत फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही.

तिसरा, प्रॉक्सी. क्लिप निवडून राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. रात्री लावून झोपायचं. एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतं. दोन ठिकाणी घोळ होतो: प्रॉक्सी केल्यावर मूळ फोल्डरचं नाव बदललं तर क्लिप ऑफलाइन दिसतात, आणि प्रॉक्सीतले ऑडिओ चॅनेल मूळ क्लिपइतके नसतील तर ती जोडलीच जात नाही. ‘कलवरी-अंतिम-२’ अशी नावं मधेच बदलण्याची सवय सोडा.

आता पैशांचं. ३ लाखांवर १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता सुमारे १०,२५० बसतो. एकूण व्याज ६९,००० च्या आसपास. तुमचे महिन्याला सरासरी ४४,००० उरतात. त्यातून ३२,००० घर आणि ६,४०० कॅमेरा गेल्यावर हातात ५,८०० सुद्धा राहत नाहीत. म्हणजे मार्चपर्यंत दरमहा साडेचार हजारांची तूट, आणि कॅमेऱ्याचा हप्ता संपल्यावरही हात जेमतेम दोन हजारांनी मोकळा. ही सरासरी आहे. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तारखा नसतात, हप्ता मात्र त्या महिन्यांतही ठरल्या दिवशीच कापला जातो. कर्जदाराला नेमका चातुर्मासच भोवतो.

सोडलेल्या ३ ऑर्डरींचा हिशेबही करू. एका लग्नामागे तुम्हाला सरासरी २४,००० सुटतात, म्हणजे ३ ऑर्डरींचे ७२,०००. वर्षाचे हप्ते १.२३ लाख. ते भागायला पाचाहून थोडी अधिकच जादा लग्नं हवीत, आणि मुहूर्ताच्या एकाच दिवशी तुम्ही दोन ठिकाणी उभे राहू शकत नाही.

जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही. सेवांसाठी २० लाखांच्या आत उलाढाल असल्याने तुमची नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वळती) नाही. ३.४० लाखांतले जवळपास ५२,००० रुपये १८ टक्के कराचे आहेत आणि ते तुमच्याच खिशातून जातील. त्यासाठी मुद्दाम नोंदणी करू नका: तुमची गिऱ्हाईकं घरगुती आहेत, त्यांना क्रेडिटचा उपयोग नाही, उलट त्यांचं बिल १८ टक्क्यांनी फुगेल. ‘कर वाचेल’ हेही तुमच्या बाबतीत खरं नाही. संगणकावर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून मिळणारी वजावट) मिळतो, पण तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून, विवरणपत्र भरता. तिथे घसारा वेगळा वजा होत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यच होतो. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा?

सुट्या भागांचे जे भाव तुम्ही पाठवलेत त्यांतून मी हा क्रम धरेन. आधी २ टीबी एनव्हीएमई एसएसडी (१४,५००). चालू कामाचं फुटेज आणि प्रीमियरचा मीडिया कॅश तिच्यावर, जुन्या एसएसडीवर फक्त विंडोज आणि सॉफ्टवेअर. मग ८ टीबी हार्ड डिस्क (१९,५००) दुसऱ्या कॉपीसाठी. मॉडेल सीएमआर पद्धतीचं आहे का ते विचारून घ्या, एसएमआर डिस्क मोठं लेखन करताना फार मंदावते. मग यूपीएस (६,५००). हे झाले ४०,५००, शिल्लक राहते १,१९,५००. तुमचा सहा महिन्यांचा खर्च २.३० लाख आहे, त्यामुळे याच्या पुढे शिल्लकीला हात लावू नका. रॅम ३२ जीबी करणं (७,५००) पुढच्या ॲडव्हान्समधून. प्रोसेसर बदलणं अगदी शेवटी, आणि तेही चाचणीत डीकोडच दोषी ठरला तर: त्याच बोर्डवर ‘एफ’ नसलेला १२७०० बसतो, जुना विकून तुम्हाला वर १४,००० घालावे लागतील. बसवल्यावर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स सुरू करायला आणि प्रीमियरमध्ये इंटेलचं डीकोडिंग निवडायला सांगा. नाहीतर पैसे देऊनही फरक दिसणार नाही.

खरी आर्थिक जोखीम मला दुसरीकडेच दिसते आणि तिच्याबद्दल तुम्ही प्रश्नही विचारलेला नाही. एका लग्नाचं साडेआठ तासांचं फुटेज सुमारे ५७० जीबी होतं आणि ते एकाच डिस्कवर आहे. ती डिस्क बंद पडली तर सप्तपदी पुन्हा शूट होत नाही. घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि गावभर नाव जातं ते वेगळंच. दोन डिस्कवर कॉपी होऊन फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि एक डिस्क नातेवाइकाकडे ठेवा. ८ टीबीच्या भावाने ५७० जीबीची एक कॉपी सुमारे १,४०० रुपयांना पडते, दोन कॉपी २,८०० ला. हा खर्च पॅकेजमध्ये धरा. करारात लिहा की कच्चं फुटेज व्हिडिओ दिल्यापासून सहा महिने ठेवू, पुढे हवं असेल तर गिऱ्हाइकाने स्वतःची डिस्क आणून द्यावी. यामुळे दरवर्षी साडेबारा टीबीचा ढीगही वाढत जाणार नाही.

सिंहस्थाचं काम येईल, पण येईल या आशेवर कर्ज काढू नका. लेखी वर्क ऑर्डर आणि ॲडव्हान्स हातात पडला, तर त्या कामापुरता संगणक भाड्याने घेणं आधी तपासा. मोठ्या कामांचे पैसे उशिरा येतात आणि तेवढे दिवस हप्ता तुमच्या शिलकीतूनच जाईल. मार्चनंतर कॅमेऱ्याचा हप्ता संपलेला असेल, वर सांगितलेली दुरुस्ती करूनही एक्सपोर्ट तुंबत असेल आणि शिल्लक निदान दीड लाखांवर गेली असेल, तर दीड लाखापर्यंतचं कर्ज विचारात घेता येईल. पर्सनल लोनऐवजी बँकेत मुद्रा योजनेतल्या ‘किशोर’ गटाची चौकशी करा. त्यात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार लेखी घ्या. नवं कोटेशन मागताना कॅमेऱ्याची एक मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर दुकानात न्या आणि ती त्यांच्या संगणकावर, प्रॉक्सीशिवाय, तुमच्यासमोर चालवून मागा.