भावाला जबरी चोरीत ७ वर्षांची शिक्षा झाली, पण चाकू दुसऱ्याच्या हातात होता. अपील करून उपयोग होईल का? उलट शिक्षा वाढली तर?

ताई, अपील नक्की करा. मी फौजदारी अपिलं चालवतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून भावाची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे.

सेशन्स कोर्टाने दोघाही आरोपींना भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) कलम ३९७ लावलंय, म्हणजे घातक शस्त्र वापरून जबरी चोरी. या कलमात ७ वर्षांच्या खाली येताच येत नाही. पण ते लागतं ज्याने स्वतः घातक शस्त्र वापरलं त्यालाच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली फूलकुमार खटल्यात हे स्पष्ट केलंय. साथीदाराला कलम ३४ (समान हेतूने मिळून केलेला गुन्हा) जोडून त्यात ओढता येत नाही. ३९७ गळालं तर भावावर ३९२, म्हणजे साधी जबरी चोरी, उरतं. त्यात कमाल १० वर्षं आहेत (हमरस्त्यावर रात्री घडलं असेल तर १४), किमान काहीच नाही. मग त्याचं वय, पहिलाच गुन्हा, आत काढलेले दिवस हे सगळं मांडता येतं. मात्र फिर्यादीला दुखापत झाली असेल तर ३९४ (जबरी चोरीत दुखापत) येतं आणि ते साथीदारालाही लागतं. ‘चाकू नुसता दाखवला, मारला नाही’ यावर मात्र विसंबू नका, दाखवणं हाही वापरच धरतात.

म्हणून निकालपत्रापेक्षाही फिर्यादीची साक्ष नीट वाचून घ्या. ‘त्यांच्यापैकी एकाने चाकू काढला’ असं म्हटलंय की कोर्टात बोट दाखवून सांगितलंय? चाकू कोणाकडून जप्त झाला, पंच फितूर झाले का, ओळख परेड किती दिवसांनी झाली? अपील उभं राहतं ते या कागदांवर.

सेशन्सच्या शिक्षेवरचं अपील उच्च न्यायालयात जातं, मुदत ६० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळतात. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण ती वेळ येऊ देऊ नका. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते, ती भावाकडे असेलच.

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज टाका. अपिलाची अंतिम सुनावणी लांबते, तोवर शिक्षाच भोगून होऊ शकते. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत असा अर्ज उदारपणे पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटलंय. खटला चालू असताना भाऊ जामिनावर होता आणि एकही तारीख चुकवली नाही, तर ते अर्जात ठळक लिहा.

शिक्षा वाढण्याची भीती समजते. पण तुमच्याच अपिलात कोर्ट परस्पर शिक्षा वाढवत नाही. सरकारला त्यासाठी वेगळं अपील करावं लागतं, किंवा उच्च न्यायालयाला आधी नोटीस देऊन तुमचं ऐकावं लागतं.

पैशांची अडचण असेल तर कर्ज काढू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. भावाने कारागृह अधीक्षकांकडे अर्ज दिला की तिथूनही अपील पाठवता येतं. उद्याच्या मुलाखतीत त्याला हे सांगा.