बी.ए.ला इतिहास घेतला आहेसच, तर…

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतिहास घेतल्यापासून घरी रोज रात्री जेवताना ‘पुढे काय?’ सुरू होतं म्हणतेस. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. प्राध्यापकी ही एकच वाट धरून बसू नकोस. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं मला माहीत आहेत, तुलाही असतील. बी.एड., कायदा, पत्रकारिता, संग्रहालयं, पुराभिलेख, पुरातत्त्व अशा वाटा आहेत. स्पर्धा परीक्षाही आहेतच. फक्त पदवीची वर्षं त्या परीक्षेचा क्लास समजून घालवू नकोस. तिथे साल बरोबर आलं की गुण मिळतो. ते साल ठरवलं कोणी आणि कशावरून, हे विचारायला तू आली आहेस.

शिवजन्माचंच घे. बराच काळ बखरींवरून शके १५४९, म्हणजे इसवी १६२७ हे साल धरलं जाई. मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. मावळातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची ही टिपणं. वर्णन नाही, स्तुती नाही, नुसत्या तिथी आणि घटना. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली, आणि जोधपूरला मिळालेली जन्मकुंडली तिच्याशी जुळली. मावळातला देशमुख, महाराजांच्या पदरचा कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं असेल असं मानायला जागा कमी. म्हणून ती तिथी वजनदार. आज १९ फेब्रुवारीला सुट्टी असते, ती या पडताळणीमुळे.

आता यावरून बखरी टाकाऊ, असं मात्र वर्गात ठोकून देऊ नकोस. पहिल्या वर्षाची मुलं हे हमखास करतात. सभासदाने राजारामाच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली तेव्हा महाराजांना पाहिलेली माणसं हयात होती. चिटणीसांची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी झाली. दोन्हींवर ‘बखर’ असंच लिहिलेलं असतं, पण साक्ष म्हणून दोन्ही एका पारड्यात बसत नाहीत. जन्मतिथीला चिटणीस कमी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्यात महाराजांची आठवण कशी सांगितली जाई, हे विचारायचं असेल तर त्याच्याकडेच जावं लागेल.

हे नुसतं वाचून अंगी लागत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शीक. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली निघालेलं) वर्ग घेतं, पुराभिलेख खातंही घेतं. आधी घाबरशील. ओळीवरची रेघ एका दमात ओढलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण चार-सहा महिने चिकाटीने बसलीस तर ओळ उलगडू लागते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, ठेवलेले आहेत. सरदेसायांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले, तरी राहिलेलेच अफाट. आणि पोटापाण्याचं म्हणशील, तर २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांसाठी कशी धावाधाव झाली ते घरच्यांना सांग.

लिपी आली की तारीख अडवते. पेशवाईतल्या पत्रात इसवी सन नसतो, शकही पुष्कळदा नसतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर ११६१. सुहूर ही अरबी आकड्यांत लिहायची कालगणना, आणि तिचं वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली ती ऑगस्ट १७६०ची, पानिपत झालं ते १४ जानेवारी १७६१चं. दोन्ही याच सुहूर वर्षात. उदगीरची लढाई मात्र फेब्रुवारी १७६०ची असूनही आदल्या वर्षात जाते. ५९९ आणि ६००ची गल्लत झाली की पत्र वर्षभर मागेपुढे सरकतं आणि मोहिमेचा सगळा क्रम उलटा लागतो. छापील पुस्तकांतही ही चूक दिसते. दिसली की समासात टीप कर.

गाइडं वापर, परीक्षेपुरती. निबंधाला ‘मराठ्यांचे प्रशासन’ असला अवाढव्य विषय मात्र घेऊ नकोस; एका परगण्याचं एका सालचं जमाखर्चाचं कागदपत्र घे आणि ते कोणी, कोणाला दाखवण्यासाठी लिहिलं तिथून सुरुवात कर. फारसी शिकायची की नाही, ते दुसऱ्या वर्षी बोलू. माझं मत शिकावी असं आहे, पण मोडी कच्ची ठेवून नको.

सोबत एक तारीख पाठवतो: छ ९ मोहरम, सुहूर सन सीत सबैन मया व अलफ. ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्यातला दिवस. ग्रंथालयातून जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इसवीत लावायची कोष्टकं, काढ, इसवी तारीख लाव, ५९९ घेतलेस की ६०० ते कारणासकट लिही. आणि त्याच सुमारास पुण्याच्या कारभाऱ्यांनी इंग्रजांशी कोणता तह केला, तेही कळव.