मुलगा कॉलेज फुटबॉलमध्ये कोच व्हायचं म्हणतोय (उत्तर जरा लांबलंय)

ताई, प्रश्न वाचला. मुलगा हायस्कूलला खेळला, आता युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर स्टुडंट असिस्टंट आहे, मे मध्ये ग्रॅज्युएट होतोय आणि फायनान्सची ऑफर सोडून कोचिंगला जायचं म्हणतोय, तर यात पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोच नाही, पण इथे अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्समध्ये बरीच वर्षं व्हिडिओचं काम करतोय, दिवसभर याच लोकांत असतो, त्यामुळे जे दिसतं ते सांगतो. (हा सॉकर नव्हे हो, अमेरिकन फुटबॉल आहे, हेल्मेटवालं.)

पोट भरतं, पण लगेच नाही. बहुतेकांची एंट्री जीए म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. मास्टर्सला नाव घालायचं, ट्यूशन माफ, वर थोडा स्टायपेंड, त्यात भाडं निघालं तरी नशीब. आणि काम म्हणाल तर शनिवारची मॅच संपते न संपते तोच पुढच्या टीमच्या जुन्या मॅचेसची फिल्म फोडायला, म्हणजे एकेक प्ले तपासून नोंदवायला बसायचं. प्रत्येक प्लेला टॅग लावायचा, कितवा डाउन (म्हणजे कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, बॉल मैदानाच्या कुठल्या बाजूच्या हॅशवर (खुणेच्या रेघेवर), पर्सोनेल म्हणजे मैदानात खेळाडू कुठले (11 म्हणजे एक रनिंग बॅक एक टाइट एंड, 12 म्हणजे एक बॅक दोन टाइट एंड), खेळाडू कसे उभे होते, प्लेआधी कोण हललं, समोरच्यांनी पास अडवायला कव्हरेज काय टाकलं. एका टीमचेच मॅचला साठ-सत्तर प्ले आणि अशा चार-पाच मॅचेस तरी बघाव्या लागतात. मग कोऑर्डिनेटर (अटॅक किंवा डिफेन्सचा मुख्य असिस्टंट) सहज विचारतो की थर्ड अँड मीडियमला, म्हणजे तिसऱ्या डाउनला मध्यम अंतर बाकी असताना, हे लोक ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) किती वेळा करतात, आणि टॅग चुकलेला असेल तर आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर उभा केलेला गेम प्लॅनही चुकतो. त्यानंतर कार्डं काढायची. स्काउट टीमची पोरं प्रॅक्टिसला समोरच्या टीमची नक्कल करतात ना, त्यांच्यापुढे मार्करने काढलेला प्ले धरून उभा असतो तो जीए. खेळाडूंना एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेची आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, कोचला कसलीच नाही.

हे दोन-तीन वर्षं निभावलं की मग ॲनालिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोल (दोन्ही पडद्यामागची कामं), आणि जमलं तर पोझिशन कोच, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंचा कोच. वरच्या लेव्हलला म्हणजे एफबीएसला 2018 पासून 10 असिस्टंटची मर्यादा होती, ॲनालिस्टसारख्यांनी मैदानावर तोंड उघडायचं नाही असा नियम होता आणि तो कोण मोडतंय यावर नियम पाळले जातात का ते बघणारी अख्खी कॉम्प्लायन्स ऑफिसं नजर ठेवून असायची. 2024 ला ती मर्यादा काढली, आता ॲनालिस्टही शिकवू शकतो. कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला (खेळाडू मिळवायला) जाणाऱ्यांचा आकडा मात्र तेव्हाही बांधलेलाच ठेवला, आणि खरी किंमत त्या यादीत नाव असण्याला आहे.

कारण अर्धी नोकरी सेल्सची आहे! प्रत्येक असिस्टंटला एरिया वाटून दिलेला असतो, तिथल्या हायस्कूल कोचशी वर्षानुवर्षं संबंध ठेवायचे, पोराच्या घरी जाऊन आईवडिलांशी गप्पा मारायच्या, रात्री अकराला सतरा वर्षांच्या पोराला मेसेज करत बसायचं. त्यात 2018 ला ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूने कॉलेज बदलायची यादी) आलं, 2021 पासून एनआयएलचे, म्हणजे खेळाडूच्या नावावर नि चेहऱ्यावर जाहिरातीतून मिळणारे पैसे, 2025 पासून तर युनिव्हर्सिट्या थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, म्हणजे दोन वर्षं लाडीगोडी लावून आणलेला पोरगा एका सीझननंतर बॅग उचलतो. त्याला थांबवायचं कामही पोझिशन कोचचंच. तुमच्या मुलाला एक्स आणि ओ काढायला (फळ्यावर डावपेच आखायला) आवडत असतील, पण अनोळखी माणसाला फोन करायला जिवावर येत असेल तर त्याने आत्ताच नीट विचार करावा.

आता खरी मेख. यात तुमची नोकरी तुमच्या हातात नसते. तुमच्या हाताखालचे लाइनबॅकर (डिफेन्सचे खेळाडू) कितीही भारी खेळले तरी हेड कोच हरला की नोव्हेंबरअखेर तो जातो आणि त्याच्याबरोबर सगळा स्टाफ. नवा येतो तो स्वतःची माणसं घेऊन. जानेवारीत एएफसीए या कोचच्या संघटनेचं कन्व्हेन्शन असतं, तिथे हॉटेलच्या लॉबीत चाळिशी ओलांडलेली माणसंही रेझ्युमे घेऊन उभी दिसतात.

क्लेमसन युनिव्हर्सिटीला टायटल मिळवून देणारे हेड कोच डॅबो स्विनी बघा. 2000 च्या सीझननंतर अलाबामा युनिव्हर्सिटीचा हेड कोच माइक ड्यूबोसचा स्टाफ गेला, त्यात असिस्टंट असलेले हेही गेले आणि बर्मिंगहॅमला रिअल इस्टेटच्या कंपनीत नोकरी धरली. परत आणलं क्लेमसनचा तेव्हाचा हेड कोच टॉमी बाउडेनने, अलाबामातली जुनी ओळख, 2003 ला क्लेमसनमध्ये रिसीव्हर कोच म्हणून. 2008 ला सीझनच्या मधेच बाउडेन गेला आणि कधी कोऑर्डिनेटरही न झालेल्या या माणसाला इंटरिम (हंगामी) हेड कोच केलं, पुढे 2016 आणि 2018 ला नॅशनल टायटल. सगळी वळणं बघा, कुणीतरी गेला किंवा कुणाच्या तरी ओळखीने आत आले. नावाजलेले कोच निक सेबन 1973 ला केंट स्टेटमध्ये जीए, कॉलेज टीमचा हेड कोच 1990 ला टोलेडोत, मधल्या काळात आणखी सहा ठिकाणी बिऱ्हाड. बड फॉस्टरसारखा 1987 ते 2019 व्हर्जिनिया टेकमध्येच राहिलेला असिस्टंटही आहे, पण तो फ्रँक बीमरसारखा न हलणारा हेड कोच साहेब म्हणून मिळाला म्हणून, आणि असे किती मिळतात.

पगाराचं टीव्हीवर ऐकाल त्यावर जाऊ नका. 2018 ला एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने) असिस्टंट डेव्ह अरँडाला वर्षाला 25 लाख डॉलर दिले हे खरं, पण डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे खालच्या लेव्हलच्या कॉलेजांत असिस्टंट बऱ्याचदा पार्टटाइम असतो आणि दुसरी नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो. दोघांच्या कार्डावर पद साधारण तेच.

कॉलेजला खेळला नाही म्हणून दार बंद आहे असं नाही. नावाजलेले हेड कोच माइक लीच कॉलेज फुटबॉल खेळलेच नव्हते, पेपरडाइनची लॉची डिग्री घेऊन कोचिंगला आले, 1989 ला फिनलंडमध्येसुद्धा कोचिंग केलं, आणि नंतर टेक्सस टेकला हेड कोच असताना त्यांनी चालवलेला पासिंग गेम अख्ख्या देशाने उचलला.

माझ्या मते त्याला जाऊ द्या, पण टीमचं नाव बघून जीएशिप घेऊ नये त्याने. त्या हेड कोचचे पाच-सात वर्षांपूर्वीचे जीए आज कुठे आहेत ते शोधायला सांगा, नावं टीमच्या जुन्या मीडिया गाइडमध्ये (माहितीपुस्तिकेत) सापडतात. ते कुठे ना कुठे पोझिशन कोच झाले असतील तर तो साहेब फोन उचलून माणसं लावून देतो. सगळेच फील्ड सोडून गेले असतील तर लोगो कितीही मोठा असो, नको. मास्टर्स असं घ्यावं की उद्या हायस्कूलमध्ये शिकवता येईल, तिथेही फुटबॉल आहेच. आणि जीएशिपमध्ये हेल्थ इन्शुरन्स मिळेलच असं नाही, तेव्हा 26 पूर्ण होईपर्यंत त्याला तुमच्याच प्लॅनवर ठेवा, तुमच्या नोकरीच्या ओपन एनरोलमेंटला (वर्षातून एकदा इन्शुरन्स निवडायच्या वेळी) त्याचं नाव काढू नका.