फिर्यादीतले ‘अनोळखी इसम’

अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडलीस आणि लगेच सरकारी रुग्णालयातल्या मारहाणीचा गुन्हा तुझ्या ठाण्यात आला. तपासी अधिकारी कोणीही असो, पहिला पंचनामा तुझ्या हातचा आहे, म्हणून लिहितो.

फिर्यादीत ‘आणि इतर 15 ते 20 अनोळखी इसम’ एवढ्यावर थांबू नकोस. असे खटले तिथेच ढासळतात. बचावाचा वकील विचारणार, माझ्या अशिलाने नेमकं काय केलं? स्टूल कोणी उचललं, सिस्टरचा हात कोणी पिरगाळला, कोण नुसता ओरडत होता, मागे कोण ओढत होता, हे माणसागणिक वेगळं लिही. मागे ओढणारा नातेवाईक तर तुझा सर्वांत मोलाचा साक्षीदार. कॅज्युअल्टीतला डॉक्टर मान खाली घालून टाके घालत असतो. पाहिलेलं असतं ते मावशींनी आणि केसपेपर काढणाऱ्या कारकुनाने. त्या कंत्राटी असतील तर नोकरीच्या धास्तीने अधीक्षकांसमोर बोलणार नाहीत. ड्युटी सुटल्यावर गाठ.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, आजच ताब्यात घे, जुन्यावर नवं चित्रण चढत जातं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्रही लगेच माग. निवासी डॉक्टरांचा होस्टेलचा पत्ता पुरत नाही, गावचा घे. खटला उभा राहीपर्यंत ते पदवी घेऊन गेलेले असतात. रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्धच्या आपल्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात फोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई आहे, तेव्हा स्टोअरमधून बिल काढून घे.

‘मिटवून टाका’ असं दोन्हीकडून सांगतील, कधी रुग्णालयच बदनामीला भिऊन. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग आठव. नोव्हेंबर 1973 मधला हल्ला; आरोपीला 7 वर्षं लागली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीसाठी. लैंगिक अत्याचाराचा आरोप कागदावर आलाच नाही. ती बाई 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होती. मला आजही त्याचा संताप येतो.

नातेवाइकांचंही नीट ऐक. धुळ्यात 2017 साली ज्या निवासी डॉक्टरचा डोळा जायबंदी झाला, त्याच्यासमोर डोक्याला मार लागलेला रुग्ण होता आणि तिथे न्यूरोसर्जन नव्हता. नसलेल्या पदाचा राग हजर असलेल्या पोरावर निघतो. म्हणून रुग्ण कधी आला, वरिष्ठांना फोन कधी गेला, ती नोंदही जप्त कर. हयगय झाली असेल तर त्यांची वेगळी तक्रार घे. मारहाणीचा गुन्हा त्याने हलका होत नाही.

आणि ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखणं, घ्यायची असेल तर आरोपींना चेहरे झाकूनच ने-आण कर. ठाण्यातला कोणी पत्रकारांना फोटो देत असेल तर त्याला आधीच थांबव; वर्तमानपत्रात चेहरा छापून आला की ती परेड कोर्टात टिकत नाही. अडलं तर फोन कर, कितीही उशीर झाला तरी.