दोनच पेपर, म्हणजे मुलगी मागे पडली का?

प्रश्न : सर, माझी मुलगी कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या रचनेवर, पीएच.डी. करते. चौथं वर्ष चालू आहे. आतापर्यंत पेपर दोनच, गूगल स्कॉलरवर सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत तिच्या पेपरांचे संदर्भ, 31 आणि एच-इंडेक्स 2. माझा भाचा तिच्याच वेळी रसायनशास्त्रात पीएच.डी.ला लागला, त्याचे 11 पेपर झाले. चतुर्थीला सगळे जमले तेव्हा हा विषय निघाला आणि पोर पानावरून उठून गेली. तिचा तिसरा पेपर दोनदा परत आलाय. ती खरंच मागे पडली का? पुढे कॉलेजात नोकरी मिळेल ना?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, मुलगी मागे पडलेली नाही. फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, म्हणून खात्रीनं सांगतो.

आधी एच-इंडेक्सचं बघू. हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली सुचवलं. ज्याचे निदान पाच पेपर प्रत्येकी पाच किंवा जास्त वेळा उद्धृत झालेत, त्याचा इंडेक्स पाच. मग दोन पेपरवाल्या मुलीचा इंडेक्स दोनच्या वर जाणार कुठून? जास्तीत जास्त जेवढा होऊ शकतो तेवढा तिचा झालेला आहे.

आता पेपर कमी का, ते. नव्या प्रोसेसरची कल्पना सुचली म्हणून कोणी चिप बनवून बघत नाही. आधी ती सिम्युलेटरवर, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवतात. खऱ्या प्रोसेसरचं एका सेकंदाचं काम बारकाईनं सिम्युलेट करायला कित्येक तास लागतात. त्यात स्पेक सीपीयू 2017 सारख्या संचात 43 बेंचमार्क, म्हणजे प्रोसेसरची चाचणी घेणारे प्रोग्रॅम, आहेत, आणि कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या झटपट मेमरीचा, आकार बदलला की सगळं परत चालवायचं. रात्री लावलेला रन सकाळी बंद पडलेला दिसला की काय वाटतं, ते लेकीला विचारा. एका पेपरमागे दीड-दोन वर्षं सहज जातात.

शिवाय या क्षेत्रात मान आहे तो कॉन्फरन्सला. इस्का, मायक्रो, एचपीसीए, ॲस्प्लॉस ही चार नावं लक्षात ठेवा. तिथं साधारण पाचातला एक पेपर घेतात, त्यामुळे दोनदा परत येणं ही रोजची गोष्ट आहे. रिव्ह्यू वाचायचे, राहिलेले प्रयोग करायचे आणि पुढच्या कॉन्फरन्सला पाठवायचं.

सायटेशनचा आकडा तर फार जपून वाचावा. जेम-फाइव्ह या सिम्युलेटरचा 2011 चा पेपर हजारो लोकांनी उद्धृत केला आहे, कारण ते हत्यार वापरलं की नाव द्यावंच लागतं. गूगलच्या टीपीयू या एआयसाठीच्या चिपवरचा 2017 चा इस्कातला पेपर घ्या. त्यावर सत्तरहून जास्त लेखक आहेत आणि त्याची सगळी सायटेशन्स प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात!

त्या यादीत पहिलं नाव नॉर्मन जुप्पी यांचं. मला मात्र त्यांचा 1990 चा पेपर जास्त प्रिय आहे. त्यावर लेखक ते एकटेच. कॅशमधून बाहेर पडणारा डेटा लगेच टाकून न देता शेजारी अगदी छोट्या कॅशमध्ये ठेवायचा, म्हणजे तोच परत मागितला तर मेमरीपर्यंत हेलपाटा पडत नाही. इतकी साधी कल्पना. इस्कात दर वर्षी पंधरा वर्षांपूर्वीच्या पेपरला पुरस्कार देतात, तो 2005 साली या पेपरला मिळाला. पेपर मुरायला किती वेळ देतात बघा, आणि आपण चौथ्या वर्षी हिशेब मागतो.

म्हणून नातेवाइकांनी आकडा विचारला तर तिला एवढंच विचारा : तुझे पेपर कुठं आले, आणि तुला उद्धृत करणाऱ्यांनी तुझी कल्पना खरंच वापरली का? 31 पैकी चार जणांनी जरी तिच्यावर पुढचं काम उभारलं असेल, तर ते मोठं आहे.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या काही निवड समित्या अजून जर्नलच मोजतात, कॉन्फरन्सला कमी लेखतात. हा अन्याय आहे, पण त्याची तयारी ठेवावी लागते. कॉन्फरन्समधला पेपर नवे प्रयोग घालून वाढवला की आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर्ससारख्या जर्नलला पाठवता येतो. गाईडशी बोलून हे काम तिनं थिसिस लिहितानाच हातावेगळं करावं. एकदा नोकरी लागली की त्यासाठी सवड मिळत नाही.