बागेची किंमत एक रुपया: या कामात करिअर आहे का?

प्रश्न (थोडक्यात): मी लातूर जिल्ह्यातली. सीए इंटर झालं आहे, आर्टिकलशिप चालू आहे. आमच्या फर्मकडे एका नगरपरिषदेचे दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब लिहायचं काम आहे आणि मालमत्ता नोंदवही माझ्या गळ्यात पडली आहे. ले-आउटमधून मिळालेल्या बागेच्या जागेची किंमत तिथे एक रुपया लिहिली आहे. रेडी रेकनरने (सरकारी जमीनदराने) काढली तर ती कोटींत जाते. बाकीची मुलं जीएसटी, बँक ऑडिट शिकतायत आणि मी जुन्या एमबी (कामांची मोजमाप पुस्तकं) चाळत बसले आहे. यात पुढे काही आहे का, की सरांना सांगून काम बदलून घेऊ? बाबा म्हणतात, सीए राहू दे, एमपीएससी कर.

उत्तर:

काम बदलून घेऊ नकोस, निदान या वर्षीचा ताळेबंद होईपर्यंत तरी नाही.

आधी त्या एका रुपयाचं बघू. ती कारकुनाची चूक नाही. नॅशनल म्युनिसिपल अकाउंट्स मॅन्युअल, म्हणजे शहरी संस्थांच्या हिशेबाची देशपातळीवरची नियमपुस्तिका, 2004 मध्ये आलं. फुकट मिळालेली मालमत्ता एक रुपया नाममात्र किमतीनं दाखवावी, असा नियम त्यात आहे. हास्यास्पद वाटतो, पण दुसरी बाजूही बघ. बाग नगरपरिषद विकणार नाही. रेडी रेकनरचा भाव लावून ताळेबंद कोटींनी फुगवला, तर त्या आकड्याकडे बोट दाखवून कोणीतरी कर्ज मागायला जाईल आणि फेडायला बाग उपयोगी पडणार नाही. एक रुपयानं एवढंच होतं की जागा वहीत राहते. वहीत नसलेल्या मोकळ्या जागेवर टपरी कधी आली आणि टपरीचं पक्कं बांधकाम कधी झालं, हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून किमतीच्या रकान्यापेक्षा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ताबा कोणाकडे आहे, हे रकाने नीट भर. माझ्या मते त्या नोंदवहीची खरी किंमत तिथेच आहे.

रस्त्यांचं वेगळं. तिथे पैसे गेलेले असतात, म्हणून एमबीपासून सुरुवात. मोजमाप पुस्तकात डांबराच्या थराची जाडी असते, बिलात रक्कम असते आणि त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी कमी करायची किंमत. हा रस्ता किती वर्षं टिकेल, हे तुला कॉमर्सच्या पुस्तकात मिळणार नाही. नगरपरिषदेच्या ज्युनिअर इंजिनिअरला चहा पाजून विचारावं लागतं. आपल्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या हिशेबात अजून हा घसाराच नाही. ते रोख पद्धतीनं, म्हणजे पैसे आले-गेले तेव्हाच नोंद, असं चालतात, पूल बांधला की भांडवली खर्च म्हणून नोंद होते आणि पूल खचला तरी आकडा तसाच. बाराव्या वित्त आयोगानं उपार्जन पद्धतीकडे (पैसे हलायची वाट न बघता येणं, देणं आणि झीज नोंदवणं) जायला सांगून वीस वर्षं होऊन गेली. न्यूझीलंडनं हे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केलं. महामार्ग आज नव्यानं बांधायला किती लागेल ते काढायचं आणि त्यातून झीज वजा करायची, अशी त्यांची रीत.

पण माझं ऐकशील तर मालमत्तेपेक्षा दायित्वाच्या, म्हणजे देण्यांच्या, बाजूला जास्त वेळ दे. सोप्यापासून सुरू कर: कंत्राटदारांच्या अनामत रकमा. बिलातून पाच टक्के कापले, ते पैसे नगरपरिषदेच्या खात्यातच राहिले, कॅशबुकात शिल्लक छान दिसली आणि पुढच्या दिवाळीच्या पगाराला ती शिल्लक वापरली गेली. दोन-तीन वर्षांनी डिफेक्ट लायबिलिटीचा (कामातले दोष कंत्राटदारानं दुरुस्त करून द्यायचा) काळ संपला की कंत्राटदार दारात. अनामतीची नोंदवही बिलांशी ताडून बघ. जुळली तर मला कळव, मला आनंदच होईल. मग थकीत वीजबिलं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. ब्रिटननं 2009-10 या वर्षासाठी पहिल्यांदा सगळ्या सरकारी खात्यांचा एकत्र ताळेबंद काढला, तेव्हा पेन्शनचं दायित्व कर्जरोख्यांपेक्षाही मोठं निघालं. हा आकडा सीए काढत नाही, ॲक्च्युअरी, म्हणजे विमा-पेन्शनच्या जोखमीचं गणित करणारा तज्ज्ञ, काढतो. तुझं गणित पक्कं असेल तर त्या परीक्षांची माहितीही एकदा काढून ठेव.

आता पैशाचं. लहान नगरपरिषदांचं काम टेंडरवर मिळतं, सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला, आणि बिल कधी निघेल ते देव जाणे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फक्त यावर फर्म चालवायची स्वप्नं बघू नकोस. पण मागणी वाढते आहे. पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांच्या अनुदानाला लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाकण्याची अट घातली. पुणे महापालिकेनं जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. त्याआधी पतमानांकन (कर्ज फेडण्याची ऐपत किती, याचा दर्जा) घ्यावं लागतं, आणि मानांकन करणारे पहिल्यांदा हिशेबच मागतात. अशा ठिकाणी नगरपालिकेचा ताळेबंद स्वतःच्या हातानं लिहिलेला सीए सहज सापडत नाही. कन्सल्टन्सी फर्म, मानांकन संस्था, महापालिकांचे लेखा विभाग, असे दरवाजे आहेत. मूल्यमापनात जायचं असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाची परीक्षा आहे. मात्र जमीन आणि इमारतींचा वर्ग मुख्यतः सिव्हिल इंजिनिअर आणि आर्किटेक्टचा आहे, सीएला वित्तीय मालमत्तेचा वर्ग जवळचा.

बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जाता येतं, यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षण व लेखा सेवेत, म्हणजे कॅगच्या खात्यात. सरकारी लेखांकनाची मानकं सुचवणारं मंडळ, गासॅब, तेही 2002 पासून कॅगकडेच आहे. एसएससी सीजीएल या पदवीधरांसाठीच्या केंद्रीय भरती परीक्षेतून कॅगच्या कार्यालयात ऑडिटर होता येतं, आणि ती पायरी कमी समजू नये. माझी तक्रार फक्त ‘सीए राहू दे’ या तीन शब्दांशी आहे. इंटर झालेलं, आर्टिकलशिप चालू असताना मध्येच उठायचं आणि एमपीएससीत दोन प्रयत्न हुकले तर हाती फक्त बी.कॉम., हा सौदा मला पटत नाही. फायनल आधी दे.

त्यानंतर स्पर्धा परीक्षेकडे वळलीस तर कॉमर्स अँड अकाउंटन्सी हा ऐच्छिक विषय यूपीएससीला आहे. तुझा निम्मा अभ्यास तयार असेल. तोवर बाबांना एकदा त्या नगरपरिषदेच्या लेखापालांकडे घेऊन जा. ते एमपीएससीबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, आणि अनामतीच्या वहीबद्दलही.